रोममध्ये क्रुसाचा माग काढणारी एक दिवसाची सहल

रोमला येऊन ज्यांना एका दिवसात दहा ठिकाणं ‘उरकायची’ असतात, त्यांनी या सहलीच्या वाटेला जाऊ नये. इथे दिवसभरात चारच जागा दाखवतात आणि चारही जागी विषय एकच: माणसाला क्रुसावर देण्याची रोमन शिक्षा. ती कोण द्यायचं, कोणाला द्यायचं, त्यासाठी लाकूड, खिळे, माणसं कुठून यायची आणि क्रूस नेमका दिसायचा कसा. पॅलेटाइन टेकडीचं तिकीट धरून माणशी ११० युरो पडले. पैसे वसूल झाले का? झाले. सहलीत दोन गोष्टी मात्र खटकल्या, त्याही लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी काय पाहत होतो ते कळेल. मी आयुष्यभर सुतारकाम शिकवलं. चर्चसाठी वेदीवरचे क्रूस केले, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी खांद्यावर घ्यायचे मोठे क्रूसही केले. सगळे एकाच मापाचे: उभा खांब लांब, आडवं लाकूड वरच्या तिसऱ्या भागात, मध्ये निम्मी-निम्मी खाच. हे माप कुठून आलं, असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. या सहलीची जाहिरात वाचली तेव्हा त्यातल्या एका ओळीनेच मला ओढून घेतलं: ‘क्रुसाचा आकार ठरलेला नव्हता.’

सुरुवात होते एस्क्विलाइन टेकडीवर, गॅलिएनसच्या कमानीपाशी. एका अरुंद गल्लीत, चर्चच्या भिंतीला चिकटून ही दगडी कमान उभी आहे. शेजारून स्कूटर जातात, वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. जुन्या शहराच्या तटाचा एस्क्विलाइन दरवाजा इथेच होता. दरवाजाबाहेर गोरगरिबांना पुरायची जागा होती आणि शिक्षाही तिथेच दिल्या जायच्या. गुलामांना शिक्षा देण्यासाठी रोममध्ये राखून ठेवलेली जागा होती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. आमची गाईड पुरातत्त्व शिकलेली, पन्नाशीची बाई. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. तिने पिशवीतून एक छापील कागद काढून प्रत्येकाच्या हातात दिला. माझ्या मते सगळ्या सहलीत सर्वांत मोलाची गोष्ट हा कागदच आहे.

नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावात, म्हणजे जुन्या प्युतेओलीत सापडलेल्या एका शिलालेखाचं ते भाषांतर आहे. विषय काय, तर गावातली प्रेतं उचलण्याचं आणि शिक्षा देण्याचं कंत्राट. सरळ म्युनिसिपालिटीचं कंत्राट. कंत्राटदाराने कमीत कमी ३२ माणसं ठेवावीत. २० वर्षांखालचा आणि ५० वर्षांवरचा कुणी नको. लंगडा, आंधळा, एका डोळ्याचा, अंगावर व्रण असलेला नको. प्रेत आणायला किंवा शिक्षा द्यायलाच त्यांनी गावात शिरावं आणि शिरताना डोक्याला रंगीत टोपी असावी. पुढचं कलम वाचताना मला कागद खाली करावा लागला. एखाद्या मालकाला आपल्या गुलामाला क्रुसावर द्यायचं असेल तर कंत्राटदाराने खांब, साखळ्या, दोऱ्या आणि फटके मारणारी माणसं पुरवावीत. आडवं लाकूड वाहून नेणाऱ्यांचे, फटके मारणाऱ्यांचे आणि जल्लादाचे मालकाने माणशी ४ सेस्टर्स (रोमन नाणी) द्यावेत. शिक्षा अधिकाऱ्याने फर्मावलेली असेल तर क्रूस उभे करणं, खिळे, डांबर, मेण, मेणबत्त्या, सगळं कंत्राटदाराने फुकट पुरवायचं.

मी कारखान्यांची, शाळांची, देवळांची कंत्राटं पाहिली आहेत. सामानाची यादी, मजुरीचा दर, माणसांची अट, सगळं तसंच. चर्चमध्ये आपण ज्या शिक्षेपुढे गुडघे टेकतो, ती कुठल्या तरी गावात ठरलेल्या दराने मिळणारी सेवा होती, हे मला चाळीस-पन्नास वर्षांच्या प्रवचनांतून कळलं नव्हतं. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत गाईड गप्प उभी होती. मग एवढंच म्हणाली की यात क्रुसाचं माप कुठेही दिलेलं नाही, ते लक्षात घ्या. खरंच नाही. खिळ्यांचा उल्लेख आहे, लांबी-रुंदीचा नाही.

तिथून जवळच्या पिआत्सा व्हित्तोरिओच्या बागेत बसवून तिने टाचेच्या हाडाची प्रतिकृती फिरवली. १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला गिव्हात हामिव्तार इथे एका कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. पेटीवर येहोहानान हे नाव कोरलेलं होतं. आत त्याच्या उजव्या टाचेचं हाड होतं आणि त्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. पहिल्या तपासणीत म्हटलं गेलं की एकाच लांब खिळ्याने दोन्ही टाचा ठोकल्या होत्या. १९८५ मध्ये हाड पुन्हा तपासलं, तेव्हा निघालं की खिळा ११.५ सेंटीमीटरचा आहे आणि त्यात एकच टाच आहे.

प्रतिकृती माझ्या हातात आली तेव्हा मी ती बराच वेळ खाली ठेवली नाही. खिळा समोरून गेलेला नाही, बाजूने गेला आहे. म्हणजे पाय खांबाच्या दोन बाजूंना घेऊन ठोकले असणार. हे मी चित्रात कधी पाहिलं नव्हतं. खिळ्याच्या डोक्याखाली ऑलिव्हच्या लाकडाचा तुकडा आहे. तो कशाला, हे सुताराला सांगावं लागत नाही: नुसता खिळा मारला तर पाय ओढून डोक्यावरून निसटेल, म्हणून वर लाकडी चकती. आणि खिळ्याचं टोक वळलेलं आहे. कठीण गाठीवर बसलं की टोक असंच वळतं आणि मग तो खिळा ओढून निघत नाही. म्हणूनच तो हाडासकट पेटीत गेला आणि आपल्यापर्यंत आला. बाकीच्या हजारो लोकांचे खिळे परत काढून वापरले गेले असतील. येहोहानानच्या हातांच्या हाडांवर खिळ्याची खात्रीलायक खूण नाही, तेव्हा हात दोरीने बांधलेले असावेत. इंग्लंडमध्ये फेन्स्टंटन गावी २०१७ साली असंच खिळा अडकलेलं टाचेचं हाड मिळालं, तेही उजव्या पायाचं. तिने त्याचा फोटो दाखवला. एवढ्या मोठ्या साम्राज्यात शेकडो वर्षं चाललेल्या शिक्षेची हाडांतली साक्ष बोटांवर मोजण्याइतकीच आहे. क्रुसावरच्या बहुतेकांना कबर मिळतच नसे, हे त्याचं एक कारण.

मग पॅलेटाइन. सहलीतलं मुख्य आकर्षण म्हणून जाहिरातीत ज्याचं नाव आहे ते इथल्या संग्रहालयात आहे: अलेक्झामेनोसचं भिंतीवरचं खरडकाम. १८५७ साली याच टेकडीवर, बादशाही नोकरपोरांच्या इमारतीत, भिंतीच्या गिलाव्यावर ते सापडलं. साधारण इ.स. २०० च्या आसपासचं मानतात. दगडाच्या मूर्ती पाहत आत शिरलात तर हे चुकण्याचीच भीती जास्त, इतकं ते लहान आणि फिकट आहे. रेघा दिसायला बाजूने उजेड पडावा लागतो. गाईडने आम्हाला काचेच्या डावीकडे उभं केलं, तिथून दिसलं.

गाढवाचं डोकं असलेला एक माणूस क्रुसावर आहे, आपल्याकडे पाठ करून. डाव्या बाजूला खाली दुसरा माणूस एक हात वर करून उभा. खाली ग्रीकमध्ये वेड्यावाकड्या अक्षरांत खरडलं आहे: अलेक्झामेनोस देवाची पूजा करतो. कुणीतरी ख्रिस्ती मुलाची टर उडवली आहे. ख्रिस्ती लोक गाढवाच्या डोक्याची पूजा करतात असा आरोप त्या काळी होत असे, टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याचा उल्लेख केला आहे. ही क्रुसावरच्या ख्रिस्ताची सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक प्रतिमा आहे, आणि ती थट्टा करणाऱ्याने काढलेली आहे. शेजारच्या खोलीत लॅटिनमध्ये ‘अलेक्झामेनोस विश्वासू आहे’ असंही कुणीतरी लिहिलेलं सापडलं होतं. ते त्यानेच लिहिलं की मित्राने, कोण सांगणार. पण मला ते ऐकून फार बरं वाटलं.

माझं लक्ष लाकडावर होतं. हा क्रूस टी अक्षराच्या आकाराचा आहे. आडवं लाकूड खांबाच्या टोकावर बसवलेलं, डोक्याच्या मागे वर आलेला खांब नाही. पायांखाली एक आडवी पट्टी आहे. पोत्सुओलीला एका खाणावळीच्या भिंतीवर १९५९ मध्ये सापडलेलं क्रुसावरच्या माणसाचं खरडकामही याच टी आकाराचं आहे. दोन्ही चित्रं काढणाऱ्यांनी ही शिक्षा डोळ्यांनी पाहिलेली असणार, कारण त्या काळी ती रस्त्यावर चालत होती. सुतार म्हणून सांगतो, हा आकार सोपा आहे. खांब जमिनीत आधीच रोवलेला, त्याच्या डोक्यावर कूस, म्हणजे भोकात बसणारी खुंटी. आडव्या लाकडाच्या मध्ये भोक. माणसाला त्या लाकडाला बांधायचं, दोघांनी उचलून वर अडकवायचं. खाच पाडायला नको, मापं जुळवायला नकोत. कैद्याने शहराबाहेर वाहून नेलं ते हे आडवं लाकूड, अख्खा क्रूस नव्हे. रोमन नाटककार प्लाउटसच्या नाटकांत हात पसरून असं लाकूड वाहत दरवाजाबाहेर जाण्याची भाषा येते आणि तीही इसवी सनाच्या दोनशे वर्षं आधीची. १५ सेंटीमीटर चौरस, १.८ मीटर लांबीचं पाइनचं लाकूड साधारण २२ किलो भरेल. फटके खाल्लेल्या माणसाला तेवढं पुरे.

इथे माझी पहिली तक्रार. सहलीबरोबर एक गुळगुळीत रंगीत पत्रक देतात. त्यात क्रुसाचे चार प्रकार चौकोनांत आखून दाखवलेत: नुसता खांब, टी, आपला नेहमीचा आणि एक्स. प्रत्येकाखाली लॅटिन नाव आहे, आणि वर मथळा ‘रोमन लोकांचे चार क्रूस’. हे चुकीचं आहे. ही नावं रोमन जल्लादांनी ठेवलेली नाहीत. १६ व्या शतकाच्या अखेरीस युस्तुस लिप्सिउस या विद्वानाने क्रुसावर ग्रंथ लिहिला आणि जुन्या लेखकांचे उल्लेख गोळा करून ही वर्गवारी लावली. एक्स आकाराचा क्रूस संत अंद्रियाच्या नावाने ओळखला जातो, पण त्याची ती चित्रं मध्ययुगातली. जी बाई सकाळभर ‘माप ठरलेलं नव्हतं’ हे पुराव्यासह दाखवते, तिच्याच हातून असं पत्रक वाटलं जावं याचं मला वाईट वाटलं. मी विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली की पत्रक ऑफिसने छापलं आहे आणि तिलाही ते पटत नाही. मग ऑफिसने ते बदलावं. लोक घरी नेतात ते पत्रकच.

आणि बदलायला सामग्री हवी तर तिनेच ती तोंडी दिली. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने क्रूस पाहिले होते. तो म्हणतो, एकाच तऱ्हेचे नाहीत, प्रत्येकाने आपापल्या परीने केलेले: कुणाला डोकं खाली करून टांगलेलं, कुणाला गुप्तांगातून सुळ भोसकलेला, कुणाचे हात आडव्या लाकडावर ताणलेले. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात रोज पाचशे आणि कधी त्याहून जास्त लोक पकडून क्रुसावर दिले जात होते. त्या काळचा ज्यू इतिहासकार योसेफस सांगतो की संतापलेले शिपाई गंमत म्हणून एकेकाला वेगवेगळ्या तऱ्हेने खिळत होते आणि शेवटी क्रुसांना जागा आणि देहांना क्रूस पुरेनात. अशा ठिकाणी कोण माप घेऊन बसणार? मिळेल ते झाड, मिळेल तो वासा. सिसिलीच्या व्हेरेस या सुभेदाराने गाव्हिउस नावाच्या रोमन नागरिकाला मेस्सिनाच्या किनाऱ्यावर क्रुसावर दिलं आणि क्रूस मुद्दाम अशा जागी रोवला की मरताना त्याला सामुद्रधुनीपलीकडची इटली दिसावी. रोमन वकील आणि वक्ता सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसवर हेच उगाळून आरोप ठेवले. तिथे महत्त्व आकाराला नव्हतंच, दिशेला होतं.

दुपारी अव्हेंटाइनवरच्या सांता सबिना चर्चला नेलं. इथली माझी दुसरी तक्रार: दहा मिनिटं. एवढ्या वेळात हे दार पाहून होत नाही. सुरूच्या (सायप्रसच्या) लाकडाचं, इ.स. ४३० च्या सुमाराचं दार, आणि त्याच्या कोरीव चौकटींपैकी १८ अजून शाबूत आहेत. जवळजवळ सोळाशे वर्षं लाकूड टिकलं आहे. सुताराला तिथून दहा मिनिटांत हलवणं हा अन्याय आहे. क्रुसावर देण्याचं दृश्य वर डाव्या कोपऱ्यात आहे, उंचावर, तेव्हा दुर्बीण नेलीत तर बरं. ख्रिस्त मध्ये, मोठा, दोन्ही बाजूंना दोन चोर लहान. हात कोपरात वाकलेले, तळहात उघडे आणि खिळलेले. आणि क्रूस? जवळजवळ दिसतच नाही. मागे विटांची भिंत कोरली आहे, तिच्यापुढे तिघं उभे असल्यासारखे. ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या बादशहा कॉन्स्टंटाइनच्या काळापासून ही शिक्षा मागे पडत गेली होती. दार कोरणाऱ्याने क्रुसावरचा माणूस पाहिलेला असण्याची शक्यता कमीच. पॅलेटाइनवरच्या टवाळखोराने पाहिला होता. एकाच दिवशी ही दोन कामं पाठोपाठ दाखवणं, ही या सहलीची आखणी करणाऱ्याची खरी हुशारी. माझ्या हातून झालेल्या सगळ्या क्रुसांचा आकार दाराच्या बाजूचा, म्हणजे शिक्षा विसरल्यानंतरच्या काळातला, हे मला तिथल्या पायऱ्यांवर उभं असताना लख्ख समजलं. वरचा खांब डोक्यामागे यावा असं म्हणायला एक आधार आहेच: बायबलमधल्या शुभवर्तमानात आरोपाची पाटी ख्रिस्ताच्या डोक्यावर लावल्याचं लिहिलं आहे. पण टी आकारावरही पाटी ठोकता येतेच, आणि ‘बर्नबाचं पत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लिखाणात क्रूस टी अक्षरासारखाच मानला आहे.

शेवटी गाडीने आपिया रस्त्यावर, चेचिलिया मेतेल्लाच्या गोल थडग्याच्या पुढे. काळ्या बसाल्टच्या मोठमोठ्या फरशा, त्यांत चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना पाइन आणि सुरू. स्पार्टाकसच्या पुढारीपणाखालचं गुलामांचं बंड इ.स.पू. ७१ मध्ये मोडल्यावर रोमन सेनापती क्रासुसने पकडलेल्या ६,००० लोकांना कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याकडेला क्रुसावर दिलं, असं इतिहासकार अप्पियान लिहितो. हा आकडा वाचला आणि विसरला, असं सगळ्यांचंच होतं. तो विसरू नये म्हणून गाईडने जे केलं त्यासाठी मी तिला पैकीच्या पैकी देतो. कापुआ ते रोम अंतर सुमारे १९५ किलोमीटर. भागिले ६,०००, म्हणजे साधारण ३३ मीटरला एक. आम्ही ९ जण होतो. तिने एकाला मैलाच्या दगडापाशी उभं केलं, दुसऱ्याला ४५ पावलं पुढे चालायला लावलं, तिसऱ्याला आणखी ४५. असं करत शेवटचा माणूस पाव किलोमीटरवर गेला. माझा नंबर सहावा. पुढे पाहिलं तर पुढच्या बाईचा चेहरा ओळखू येत होता, तिच्या पलीकडच्याचा फक्त शर्टाचा रंग. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर प्रत्येक जण. एवढ्या रांगेत नऊ माणसं. अशा रांगा एकापुढे एक लावत कापुआ गाठायचं.

त्या सहा हजारांत किती जणांना खिळे मिळाले, किती जणांना दोरी, किती जणांना नुसतं झाड? सुतार म्हणून मी हिशोब लावायला लागलो: आडवी लाकडं सहा हजार, खांब सहा हजार, हाताशी फौजेचे कारागीर, आणि रस्त्याकडेला जे उगवलं असेल ते. एका मापाचे सहा हजार क्रूस कुणी केले असतील असं मला अजिबात वाटत नाही. गाईडला हे सांगितलं तर तिने वहीत टिपून घेतलं.

आता कामाच्या गोष्टी. या सहलीत रोमन शिपायाचा वेश घातलेला माणूस नाही, कुणाला खोट्या क्रुसावर उभं करून फोटो काढणं नाही. त्याबद्दल आयोजकांचे आभार. कानात घालायचं यंत्र देतात ते पॅलेटाइनवर खरखरतं, गाईडच्या जवळ राहा. लहान मुलांना नेऊ नका, टाचेचं हाड आणि सेनेकाचे शब्द त्यांच्यासाठी नाहीत. भाविक माणसांनी घाबरू नये. माझ्याबरोबर एक वयस्क ननही होत्या, आणि दिवसभरात सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. सहल इंग्रजीत आहे, सोपी आणि संथ. बुटांचा तळ जाड हवा, आपियाच्या फरशांवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. सांता सबिनाला प्रवेश फुकट आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी तुमचे तुम्ही परत जा आणि दार निवांत पाहा. मी तेच केलं. सकाळी लवकर गेलात तर दारापाशी गर्दी नसते.